सत्तावीस चमचे

परत आलेली एकतीस खोकी बाटल्या भरायच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली होती, आणि त्यांच्यासमोर सगळं घर लांब टेबलाभोवती बसलं होतं. रविवारी कारखाना बंद असायचा. पण हंगामात संत्र्यांना रविवार कळत नाही, म्हणून पलीकडच्या भट्टीवर एक कढई चढवलेलीच होती. तिचा वास दारातून येत होता आणि आज त्या वासाने कुणाच्याही तोंडाला पाणी सुटत नव्हतं.

या घराला वाद काही नवीन नव्हते. हिस्से, लग्नं, थोरल्याचा तापट स्वभाव, धाकट्याला उशिरा झालेलं मूल, या सगळ्यावर याच टेबलाशी बसून घसे कोरडे करून झाले होते. पण माल परत येणं हे चार पिढ्यांत घडलं नव्हतं. पणजोबांनी पहिली कढई चढवली तेव्हापासून या घराच्या सिरपची बाटली दुकानात गेली, की ती परत यायची ती रिकामी होऊनच, धुवायला.

टेबलाच्या टोकाला आई बसली होती. सत्तरी उलटली तरी पाठ ताठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिचे यजमान अण्णा गेल्यापासून अठरा वर्षं कारखान्यातला शेवटचा शब्द तिचाच होता. तिच्या उजवीकडे दादा, म्हणजे भट्टी आणि दाबयंत्र सांभाळणारा थोरला, आणि त्याच्या शेजारी पत्रव्यवहार बघणारी वहिनी. डावीकडे धाकटा आणि औषधांच्या दुकानात नोकरी करणारी त्याची बायको. धाकट्याची सहा वर्षांची लेक, जिला सगळे भिंगरी म्हणत, एका खोक्यावर चढून पाय हलवत बसली होती आणि दुसऱ्या खोक्यावर पेन्सिलीने मिशीवाला माणूस काढत होती.

"पोरीला बाहेर पाठवा," दादा म्हणाला.

"राहू दे," आई म्हणाली. "वाच गं."

वहिनीने पत्रं वाचायला घेतली. एका दुकानदाराने लिहिलं होतं की सिरप आधी छान लागतं आणि मग घशात कडू उतरतं. दुसऱ्याने तेच जरा रागाने लिहिलं होतं. तिसऱ्याने लिहिलं होतं की वाढदिवसाला आलेल्या मुलांनी एकामागून एक सरबत थुंकून टाकलं.

'थुंकून' हा शब्द ऐकून धाकट्याने खिशावर हात ठेवला. खिशात मोठा जाड रुमाल होता.

या घराची जीभ म्हणजे धाकटा. पणजोबांकडून आजोबांकडे, आजोबांकडून अण्णांकडे आणि अण्णांकडून त्याच्याकडे चाखायचा लांब दांड्याचा चमचा आला होता. दादा थोरला असूनही त्याला तो मिळाला नाही, कारण त्याला गोड आणि अति गोड यांतला फरकच कळत नसे. नियम साधा होता. प्रत्येक कढईमागे तीन चमचे: एक गरम, एक कोमट, एक गार. आणि तिन्ही गिळायचे. जिभेवर घोळवून टाकून दिलं तर ते चाखणं नाही, असं पणजोबांचं म्हणणं. चाखणाऱ्याने मान डोलावल्याशिवाय कढई उतरत नसे. हंगामात दिवसाला नऊ कढया निघायच्या, म्हणजे सत्तावीस चमचे पाक. अण्णांनी ते सव्वीस वर्षं गिळले. आधी त्यांच्या पायाचं बोट गेलं, मग पाऊल, आणि बावन्नाव्या वर्षी ते स्वतः.

धाकटा आता चव्वेचाळीसचा होता. गेल्या वर्षी त्याच्या अंगठ्याला झालेली जखम चार महिने बरी होईना, तेव्हा तो डॉक्टरांकडे गेला. भिंगरीला कुठे ठेवायची म्हणून तिलाही बरोबर नेलं. डॉक्टर रोखठोक बाई होत्या. "साखर कशी वाढते म्हणून काय विचारता? तुम्ही दिवसभर ती पिता," त्या म्हणाल्या. "असंच गिळत राहिलात तर ही दहा वर्षांची होईतो तुमचा पाय नसेल. आणि पुढचं मी हिच्यासमोर बोलत नाही." पण भिंगरीला ऐकू येत होतं आणि अर्थही लागत होता.

त्या आठवड्यापासून तो थुंकायला लागला. चमचा तोंडात घ्यायचा, घोळवायचा, मान डोलवायची, वळायचं आणि रुमाल तोंडाला लावायचा. संध्याकाळी न्हाणीघरात तो रुमाल गुपचूप धुवायचा. सात महिन्यांत सोळा किलो वजन उतरलं. पट्ट्याला दोनदा नवी भोकं पाडावी लागली. दादा म्हणाला, "काय रे, खायला घालत नाही का बायको?" आणि सगळे हसले.

आणि हे सात महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले गेले. जखम भरल्यावर डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. दोघांनाही पोहता येत नव्हतं, म्हणून बाप-लेकीने नवशिक्यांच्या एकाच वर्गात नाव घातलं. सकाळी सहाला उथळ पाण्यात दहा-बारा पोरं आणि त्यांच्यात हा एक टकल्या माणूस, फळी धरून पाय मारणारा. भिंगरी तिसऱ्या आठवड्यात फळी सोडून निघूनही गेली. धाकटा अजून फळीवरच होता आणि पलीकडच्या कठड्याला लोंबकळून ती "पाय सरळ बाबा, पाय सरळ!" असं सगळ्या तलावाला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडायची. बाहेर आल्यावर त्याला बाकावर बसवून त्याच्या पायाची तपासणी व्हायची. बोटांमध्ये ओल राहता कामा नये आणि ओरखडासुद्धा चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पोट आडवं येत होतं तेव्हा त्याला स्वतःला आपली बोटं दिसायची नाहीत, म्हणून हे काम तिच्याकडे आलं. आता पोट कमी झालं, पण तिने काम सोडलं नाही. दहा बोटांना तिने दहा नावं दिली होती आणि प्रत्येकाचं नाव घेऊन ती हजेरी घेई. तो बाकावर मागे टेकून छताकडे बघत राही आणि इतकं सुख आपल्याला कुणी दिलं असेल असा विचार करी.

"चमचे आण," आई म्हणाली.

वहिनीने चमचे आणले. परत आलेल्यांतली एक बाटली उघडून आईने प्रत्येकाच्या चमच्यात थोडं थोडं ओतलं. "घ्या. आणि गिळा."

धाकट्याने गिळलं. आधी संत्रं, मग साखर, सगळं जिथल्या तिथे. मग दोन-तीन क्षण काहीच नाही. आणि मग घशाच्या तळाशी एक कडू धागा उमटला, तो वर येत येत जिभेच्या मुळाशी येऊन बसला. संत्र्याची बी. फुटलेली बी. झोपेतसुद्धा त्याने ओळखली असती. मात्र गिळल्यावरच. द्राक्षं, डाळिंब यांच्या पाकात जीभ पुरते, म्हणून सहा महिने त्याचं निभावलं होतं. संत्र्याला घसा लागतो. पणजोबांचा हट्ट म्हणून तो ज्याच्यावर मनातल्या मनात हसायचा तो नियम अक्षरशः खरा निघाला होता आणि हे त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

"तोंडात असेपर्यंत पत्ता लागत नाही," आई म्हणाली. "उतरल्यावर कळतं."

"बाटल्यांचा दोष आहे," दादा घाईघाईने म्हणाला. "सोड्याने बाटल्या धुतात, तो नीट निघाला नाही की असं होतं. मावशीचं वय झालं. मी कधीपासून म्हणतोय."

बाटल्या धुणारी मावशी बाहेर पडवीत स्टुलावर बसली होती. तिला सकाळीच निरोप गेला होता. एकोणीस वर्षं ती या घराच्या बाटल्या धूत होती आणि उजेडाला धरून बघितल्याशिवाय एकही पुढे सरकवत नव्हती.

"एकदम बाईवर कसं ढकलता?" धाकट्याची बायको म्हणाली.

"ढकलतोय कुठे? कारण सांगतोय. आजच सांगून टाकू तिला, उद्यापासून येऊ नको म्हणून. दुकानदारांनाही तसंच लिहू. माणूस बदललं म्हटलं की त्यांचंही समाधान होईल."

दादाची घाई धाकट्याच्या ध्यानात आली. दादा एरवी वादात सावकाश पेटायचा आणि मग भडकायचा. आज तो आधीपासूनच उत्तर तयार ठेवून आला होता.

आई दादाकडे बघत नव्हती. "तू सांग," ती धाकट्याला म्हणाली. "जीभ तुझी. सोडा आहे का हा?"

सोडा जिभेच्या टोकाला बुळबुळीत लागतो. तो असा खाली उतरून बसत नाही. हे त्याला अकराव्या वर्षापासून माहीत होतं. अण्णांनी डोळे बांधून शिकवलं होतं.

"असू शकेल," धाकटा म्हणाला.

बोलल्याबरोबर त्याला पडवीतल्या स्टुलाचा आवाज आल्यासारखा वाटला. दादाने हळूच श्वास सोडला. दोघा भावांचं वर्षानुवर्षं कशावर एकमत झालं नव्हतं, ते आज झालं.

"असू शकेल," आई त्याचे शब्द चघळत म्हणाली. "म्हणजे कढईत नव्हता हा कडूपणा."

"नसेल."

"नसेल काय? तू चाखलंस ना? तिन्ही चमचे?"

"चाखले."

"गिळलेस?"

शेजारी बायकोने मान वळवली. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. ती काय विचार करतेय हे धाकट्याला कळत होतं, कारण तिला त्यानेच सांगितलं होतं की मी आईशी बोललोय, आईने थुंकायला परवानगी दिलीय, पण दादासमोर तो विषय काढायचा नाही. आता ती तोंड उघडणार, असं त्याला वाटलं.

"हो, गिळतो की बाबा," खोक्यावरून भिंगरी म्हणाली.

सगळे वळले. तिने पेन्सिल खाली ठेवली होती.

"तू कधी बघितलंस?" दादाने विचारलं.

"रोज बघते. शाळेतून आले की मी तिथेच असते ना, गोण्यांवर. बाबा चमचा घेतो, फू फू करतो, मग गिळतो. त्याच्या गळ्यातलं हे असं वर-खाली होतं." तिने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. "मग तो पाणी पितो. एकदा तर भाजलं होतं त्याला, तरी गिळलं त्याने. हो ना बाबा?"

डोळ्याची पापणी लवली नाही. आवाज कापला नाही. भाजल्याची गोष्ट तर तिने तिथल्या तिथे रचली होती. आणि शेवटी 'हो ना बाबा' म्हणून तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होती, फळी सुटली तरी मी आहे, घाबरू नकोस.

धाकट्याने तिला खोटं बोलायला कधी सांगितलं नव्हतं. फक्त न्हाणीघरात एकदा तिने पाहिलं तेव्हा ओठांवर बोट ठेवून हसला होता. दोघांचं गुपित म्हणून तिला किती मजा वाटली होती. सात महिने तिच्याबरोबर मिळालेल्या एकेका दिवसासाठी तो मनात कुणाकुणाचे आभार मानत होता आणि त्या दिवसांत पोरीने पोहण्याबरोबर हेही शिकून घेतलं होतं. बापापेक्षा चांगलंच शिकली होती. आणि बाहेर एक बाई नोकरी जायची वाट बघत बसली होती.

त्याने खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला. सकाळचा होता, आजच्या गरम आणि कोमट चमच्यांचा, वाळून कडक झालेला.

"ती खोटं बोलतेय," तो म्हणाला. "माझ्यासाठी. मी गिळत नाही. सात महिने झाले, एकही चमचा गिळलेला नाही. हा सोडा नाही, आई. ही बी आहे. मावशीचा काही संबंध नाही. मला आत्ता कळलं होतं आणि तरी मी 'असू शकेल' म्हणालो."

"सात महिने!" दादा उठून उभाच राहिला. खुर्ची मागे कलंडली. "सात महिने तू आमच्या तोंडाला पानं पुसतोयस? मी उन्हाळाभर भट्टीसमोर भाजून घेतो आणि हा मान डोलावतो, पास म्हणतो आणि थुंकून येतो!"

"तू म्हणालास, आईंना सांगितलंय," बायको हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज दादाच्या ओरडण्यापेक्षा जास्त बोचला. "मी मनात रोज त्यांचे आभार मानत होते. इतक्या समजूतदार आहेत म्हणून. तुला लाज नाही वाटली?"

"वाटत होती."

"मग?"

"मग काय? आई हो म्हणाली असती का?"

आई रुमालाकडे बघत बसली होती. तिने तो बोटाच्या टोकाने जरा सरकवला आणि हात मागे घेतला.

"चार पिढ्यांचं नाव मातीत घातलंस," दादाचं चालूच होतं. "तुला काय वाटलं, पोहायला जाऊन..."

"अहो, बसा खाली," वहिनी म्हणाली.

"का बसू?"

"कारण बी आपोआप फुटत नाही." वहिनीने पत्रांचा गठ्ठा नीट रचून टेबलावर आपटला. "दाबयंत्राचे आटे दोन फेरे जास्त कुणी आवळले? हंगामाच्या सुरुवातीला मी विचारलं होतं, तर म्हणालात, रस जास्त निघतो, तुला काय कळतंय. रस जास्त निघाला आणि बिया भरडल्या. भाऊजींनी पकडायला हवं होतं हे खरं. पण ते पकडायची वेळ आणली तुम्ही. आणि मघापासून त्या मावशीच्या मागे लागलात. मी गप्प बसले, माझंही चुकलं."

इतकं बोलून वहिनी स्वतःच दचकली. बावीस वर्षांच्या संसारात ती चारचौघांत नवऱ्याविरुद्ध एवढं कधी बोलली नव्हती. दादाने कलंडलेली खुर्ची उचलली आणि तिच्यावर बसला.

"मावशीला आत बोलाव," आई म्हणाली. "आणि तुम्ही दोघं उभे राहा."

मावशी आत आली. हात पदराला पुसत दारातच थांबली. चाळीशीतला एक आणि पन्नाशीतला एक असे दोघे भाऊ तिच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिले. धाकट्याने सगळं सांगितलं, स्वतःचं 'असू शकेल' धरून. दादाने यंत्राचं सांगितलं, खाली मान घालून, निम्मे शब्द गिळत. माफीही मागितली दोघांनी.

मावशीने दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. "म्हणजे मी तासभर उगाच बसले?" ती म्हणाली. "तिकडं दोनशे बाटल्या भिजत पडल्यात. उद्या बोलते तुमच्याशी, आज बोलले तर तोंडातून नको ते जाईल." आणि ती निघून गेली.

खोलीत जरा सैल वाटलं. वहिनी पाणी आणायला उठणार होती. तेवढ्यात भट्टीकडून कामगाराची हाक आली, "पाक तयार आहे! गार चमचा राहिलाय! उतरवू का?"

कढईतला थोडा पाक वेगळा काढून गार करायचा आणि त्यावरून निर्णय करायचा, ही रीत होती. जास्त वेळ गेला तर खालचा पाक करपतो. आईने कामगाराला वाटी आणि चमचा इथेच आणायला सांगितलं. वाटी आली. तिने लांब दांड्याचा चमचा वाटीत बुडवला, भरला आणि धाकट्यापुढे धरला.

"गिळ."

"आई..."

"आटे सैल केलेत की नाही, माहीत नाही. आजची कढई चांगली आहे की नाही, माहीत नाही. ते या घरात फक्त तुला कळतं. मी भीक मागत नाहीये. चमचा घेतलास तो नियमासकट घेतलास. नियम खोटा असता तर मी काही बोलले नसते. आत्ताच सगळ्यांच्या घशाला कळलंय की खरा आहे. गिळ, नाहीतर चमचा खाली ठेव आणि उद्यापासून दुसरं काम बघ."

"एका चमच्याने काही होत नाही," दादा म्हणाला. आवाज मऊ होता. त्याला हे सगळं आता संपायला हवं होतं.

"रोज सत्तावीस आहेत ते," बायको म्हणाली आणि उठून नवऱ्याच्या पाठीशी उभी राहिली. मघाशी तिच्या डोळ्यांत जो राग होता तो अजून तसाच होता, पण तिचा हात त्याच्या खांद्यावर आला. "याचं आणि माझं जे बघायचं ते मी घरी बघेन. पण त्याला हे गिळायला लावू नका, आई. मी औषधं विकते. कुठली गोळी कशासाठी हे मला कळतं. अण्णांना कुठल्या गोळ्या होत्या ते तुम्हालाही आठवत असेल."

आईचा हात हलला नाही. चमचा तसाच. पाकाचा एक थेंब टेबलावर पडला.

धाकट्याने तिच्या हाताकडे पाहिलं. त्याला वाटलं, एक घ्यावा आणि मोकळं व्हावं. घेतला असता तर उद्याही घ्यावा लागला असता. आणि नाही घेतला तर या घरात तो कोण होता? या एका कामाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याने हात पुढे केला.

"नाही!"

भिंगरी खोक्यावरून उतरली ती धडपडतच. गुडघा फुटला असावा, पण तिने बघितलंही नाही. ती टेबलाला वळसा घालून आली आणि बापाच्या पोटाशी पाठ लावून, आजीकडे तोंड करून उभी राहिली.

"म्हणूनच मी खोटं बोलले!" ती ओरडली. "मला माहीत होतं, खरं सांगितलं तर तू त्याला गिळायला लावशील! डॉक्टर म्हणाल्या होत्या की मी दहा वर्षांची होईन तेव्हा पाय नसेल. मी पुढच्या महिन्यात सात होणार आहे, आजी. मग तीनच वर्षं राहतात. बाबा, कशाला सांगितलंस? मी सगळं नीट सांगत होते ना!"

शेवटचं वाक्य बापासाठी होतं आणि त्यात राग होता. मग तिला रडू फुटलं.

धाकट्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. दादा टेबलाच्या कडेकडे बघत होता. वहिनीने डोळ्याला पदर लावला.

आईने चमचा मागे घेतला. तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, मग तो स्वतःच्या तोंडात घातला, डोळे मिटले आणि गिळला. सगळे तिच्या गळ्याकडे बघत राहिले.

"कडू नाही," ती म्हणाली. "उतरवा कढई."

कामगार पळाला.

"आणि उद्या?" दादाने विचारलं.

"गरम आणि कोमट हा चाखेल आणि सगळ्यांसमोर थुंकेल, तस्त ठेवून. गार चमचा एकच राहिला, तो पाळीपाळीने गिळू. उद्या मी, परवा तू, मग तुझी बायको."

"मला काय कळणार? माझी जीभ..."

"जीभ त्याची आहे. तुझा नुसता घसा लागणार आहे. तो तुझ्याकडे भरपूर आहे."

वहिनीला हसू आलं आणि तिने ते गिळलं. दादा मात्र अडून बसला. पडतं घेऊन झालं होतं, पण निदान एक गोष्ट त्याला हातची सोडायची नव्हती. "ठीक आहे. पण अण्णांनी असं कधी केलं नसतं एवढं मी म्हणणारच. जीव गेला त्यांचा, पण कधी चमचा चुकवला नाही."

आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता.

"अण्णाही थुंकायचे," ती म्हणाली.

ती दादाकडे वळली.

"तू आठ वर्षांचा होतास, हा दोनचा. मला धुण्यात चिकट रुमाल सापडायला लागले. वर्षभर चाललं होतं. आणि किती बरे दिसत होते त्या वर्षी! याला खांद्यावर घेऊन दोन-दोन जिने चढायचे. धापही लागायची नाही. मला काही कळलं नाही त्यातलं. मला वाटलं, घराचं नाव आहे, नवरा झाला म्हणून काय लपवायचं? मी जाऊन मामंजींना सांगितलं. मामंजींनी त्यांना इथेच बसवलं, सगळ्यांसमोर, आणि चमचा पुढे केला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गिळला. त्यानंतर मरेपर्यंत एकही चुकवला नाही. मला त्यावरून एका शब्दाने बोलले नाहीत."

धाकट्याला अण्णांचा खांदा आठवेना. त्याने आठवायचा खूप प्रयत्न केला, पण त्याला आठवत होती ती फक्त अण्णांची खुर्ची आणि तिच्यावर पसरलेली चादर.

भिंगरीचं रडणं आता हुंदक्यांवर आलं होतं. मोठी माणसं गप्प झाली की मुलांना आपल्याच चुका आठवतात. ती पुढे झाली आणि आजीच्या गुडघ्याशी उभी राहिली.

"आजी, खोटं बोलणं वाईट असतं ना?"

"वाईटच असतं," आई म्हणाली. तिने नातीला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. "मी खरं बोलले होते."